चालू मशिनची पूजा

खंडेनवमीला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी इचलकरंजीच्या त्रिशला मगदूम यांचं बोलणं थांबलं. त्यांचं शेवटचं वाक्य होतं, "अहो, फूल वाकडं बसलंय."

त्या वेळी खोलीत त्यांचे पती महावीर मगदूम होते आणि प्रसादाला आलेले कारखान्यातले तीन कामगार होते. वाक्य सगळ्यांनी ऐकलं. सगळे हसले, कारण त्रिशलाबाई तशाच होत्या. आजारी पडण्याआधी त्या घरच्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहून मागावरून उतरलेलं कापड बघत. एक धागा चुकला तरी त्यांचं बोट तिथे जाऊन थांबे. आता बोट हलत नव्हतं. खोड तेवढी राहिली होती.

मगदूमांनी फूल उचललं, तांब्यातल्या पाण्यात पुन्हा बुडवलं आणि मशिनवर नीट मधोमध ठेवलं. मधोमध हवा जाण्याची जाळी होती. झेंडूत साठलेलं पाणी ओल्या हळदीकुंकवासकट जाळीतून आत उतरलं. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा आवाज झाला आणि मशिनचा पडदा काळा पडला.

"अहो, बरोबर बसलं का आता?" असं मगदूम बायकोची नक्कल करत म्हणाले. उत्तर आलं नाही. कामगार अजून हसत होते.

त्रिशलाबाईंना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. आधी त्यांचे हात गेले, मग पाय, मग जीभ. श्वास यंत्रावर आला. मागच्या वर्षी डोळ्यांची बुबुळंही थांबली. आज त्यांच्या अंगातला एकही स्नायू त्यांच्या इच्छेनं हलत नाही. पापण्या दुसऱ्यानं उघडायच्या, डोळ्यांत थेंब दुसऱ्यानं घालायचे. समोर धरलेलं दिसतं, ऐकू येतं, बुद्धी जागच्या जागी आहे. निदान खंडेनवमीपर्यंत तरी तसं खात्रीनं म्हणता येत होतं.

त्या बोलत होत्या ते ज्या यंत्रातून, त्याला गावानं बोलपेटी असं नाव ठेवलं होतं. मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात, त्या भागावर टपाल तिकिटाएवढा एक पापुद्रा बसवलेला असतो. माणसानं बोलायचा प्रयत्न केला की, जीभ हलो न हलो, तिथे विजेच्या बारीक लहरी उठतात. पापुद्रा त्या टिपतो, कानामागे चिकटवलेल्या चकतीतून त्या पेटीत जातात आणि पेटी त्यांची अक्षरं जुळवून बोलून दाखवते.

या लहरी प्रत्येकाच्या वेगळ्या. त्रिशलाबाईंच्या मेंदूतला 'क' कसा दिसतो हे पेटीला त्यांच्याकडूनच शिकावं लागलं. चार वर्षांपूर्वी त्यांना थोडं पुटपुटता येत होतं तेव्हा हे शिक्षण सुरू झालं. पेटी पुटपुटणं ऐकायची, लहर बघायची आणि दोन्ही जोडून ठेवायची. पुटपुटणं संपलं तोवर ती तयार झाली होती. लहरी रोज किंचित सरकतात, म्हणून पेटीही रोज किंचित बदलत गेली, आणि पेटीला कसं सांगितलं की कळतं हे त्रिशलाबाईंचा मेंदूही शिकत गेला. चार वर्षांनी हे शिक्षण दोघींच्या मिळून मालकीचं झालं होतं.

ते डिस्कवर कुलूपबंद असतं. लहरी चोरून माणसाच्या मनातलं वाचल्याची काही प्रकरणं झाली आणि कायदा आला: या साठ्याची किल्ली पेटी आणि माणूस यांच्याबाहेर जाता कामा नये. कंपन्यांनी किल्लीचे दोन तुकडे केले. एक पेटीच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, दुसरा डोक्यातल्या पापुद्र्यात. दोन्ही जुळल्याशिवाय डिस्क उघडत नाही. त्यांची नक्कल कुणाकडेही नसते, कंपनीकडेही नाही. कायदा चांगला आहे असं बहुतेक तज्ज्ञ आजही मानतात.

पूजेची कल्पना त्रिशलाबाईंचीच होती. खंडेनवमीला इचलकरंजीतले माग थांबतात. त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूचे हार चढतात, नारळ फुटतात. मागच्या तीन वर्षी मगदूमांनी पेटीच्या स्टँडवर एक कोरडं फूल ठेवलं होतं. यंदा आदल्या दिवशी पेटी म्हणाली, "मागाला नारळ, टेम्पोला लिंबू, आन् माझ्या मशिनला काय? ती काय फुकट राबती व्हय?" मगदूमांनी साग्रसंगीत पूजा करायचं कबूल केलं.

मागाची पूजा माग बंद करून होते. आधी मेन स्विच खाली, मग हळदकुंकू. मगदूम हे वडिलांच्या काळापासून पाळत आले आहेत. बोलपेटी मात्र त्यांनी बंद केली नाही. का, असं नंतर विचारल्यावर ते म्हणाले, "ती बोलत हुती की. बोलत्या माणसाचं तोंड कसं दाबायचं?"

कंपनीचा तंत्रज्ञ तौफिक मोमीन दुपारी आला. तो गावातलाच, त्याचे वडील मागावर काम करायचे. त्यानं झाकण उघडलं. बोर्डावर कुंकवाचा लाल थर सुकत आला होता आणि त्याच्या मधोमध करपलेला काळा डाग होता.

"काका, मशिन बंद नव्हतं केलं?"

"न्हाई."

"पूजा आमच्या दुकानात पण असते. पण प्लग काढून."

"ठाऊक हाय मला त्ये. काय झालंय त्ये सांग."

"डिस्क चांगली आहे. बोर्ड गेला. नवा परवापर्यंत येईल." तौफिकनं काळ्या डागाजवळ बोट धरलं. "पण किल्ली बोर्डावर होती, काका."

मगदूमांना त्या वेळी यातलं शेवटचं वाक्य कळलं नाही. बोर्ड म्हणजे पार्ट, पार्ट बदलला की माग चालतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. ते आत गेले आणि त्रिशलाबाईंना म्हणाले, "परवा व्हईल सुरू. तवर जरा गप पड. आम्हालाबी इसावा."

नवा बोर्ड ठरल्या दिवशी बसला. पंखा फिरला, पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली: 'नवीन मदरबोर्ड आढळला. हे यंत्र जुन्या ओळखीशी जुळत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागेल.' खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती: 'यानंतर जुनी ओळख परत मिळवता येणार नाही.'

तौफिकनं समजावून सांगितलं. सिस्टिम नव्यानं टाकली की पेटी नवी किल्ली तयार करते आणि तिचा एक तुकडा डोक्यातल्या पापुद्र्याला देते. पापुद्र्यात किल्लीसाठी जागा एकच. नवी बसली की जुनी पुसली जाते, आणि मग ती डिस्क जगात कुणालाच उघडता येत नाही. पेटी कोरी होते. तिला पहिल्यापासून शिकवायचं.

"आन् दुसरं काय करता येतं?"

"जुन्या बोर्डावरची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवायची. बंगळूरला एक प्रयोगशाळा करते. बोर्ड मी आजच पाठवतो. पण ते म्हणतात दोन महिने लागतील. किल्ली वाचेल असं पण नाही. करपलेला भाग चिपच्या शेजारीच आहे."

मगदूमांची मुलगी अन्वी नाशिकहून आली होती. तिनं लगेच सांगितलं, "थांबायचं. सिस्टिम टाकायची नाही."

"दोन महिने?"

"आई सहा वर्षं झोपून आहे, पप्पा. दोन महिने काढेल ती."

"सहा वरसं ती बोलत हुती. नुसती झोपून न्हवती."

मगदूमांनी त्रिशलाबाईंवर उपचार करणाऱ्या मिरजेच्या डॉ. उत्तूरकरांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, की शरीराचा एकही स्नायू हलत नाही आणि बोलण्याला उत्तरही मिळत नाही, अशा अवस्थेत मेंदू हळूहळू प्रयत्न करणं सोडतो. किती काळात, हे सांगता येत नाही. एकदा सोडल्यावर प्रयत्न पुन्हा सुरू झाल्याचं उदाहरण त्यांच्या पाहण्यात नाही.

"म्हंजी ती आत हाक मारत बसंल, आन् मग हाक मारायचीच सोडंल," मगदूम म्हणाले.

"शास्त्राच्या भाषेत मी तसं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हो."

"आणि नवी पेटी आईला शिकेलच याची खात्री आहे का, सर?" अन्वीनं विचारलं. "मागच्या वेळी ती पुटपुटत होती. आता तिचा काहीच आवाज येत नाही."

"अवघड आहे. मागच्या वेळेपेक्षा खूपच अवघड आहे."

फोन बंद झाला. भिंतीपलीकडे माग चालू होते. मगदूम उठून पलंगासमोर गेले, त्रिशलाबाईंच्या पापण्या वर केल्या, थेंब घातले. मग त्यांच्या नजरेच्या रेषेत उभं राहून त्यांनी दोन्ही वाटा मोठ्यानं, काही न गाळता सांगितल्या. चूक कुणाची तेही सांगितलं. आणि उत्तरासाठी थांबले. चार वर्षांची सवय होती.

कायद्यानं पालक म्हणून निर्णयाचा अधिकार त्यांना होता. ते परत आले आणि म्हणाले, "टाक."

"पप्पा."

"तिला आसं ठिवून मी जेवू कसा? तू नाशकाला जाशील. हितं मी हाय." ते तौफिककडे वळले. "टाक म्हणतोय न्हवं?"

तौफिकनं पेन ड्राइव्ह लावला. सिस्टिमनं भाषा विचारली, मराठी. बोली विचारली. तिथे 'प्रमाण' एवढा एकच पर्याय होता. वापरकर्त्याचं नाव विचारलं. पडद्यावरची निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि पूर्ण भरल्यावर एका अनोळखी बाईचा आवाज आला, "नमस्कार. आपली ओळख करून घेऊ या." अन्वी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

शिक्षण सुरू झालं. पेटी पडद्यावर वाक्य दाखवी, 'आज हवा छान आहे', आणि त्रिशलाबाईंनी ते मनातल्या मनात बोलायचा प्रयत्न करायचा असे. त्या करत होत्या की नाही हे पाहण्याचा मार्ग नव्हता. मगदूम शेजारी बसून, "म्हण, म्हण, लाजतीस काय?" असं म्हणत राहिले. आठवड्यानंतर एका सकाळी पेटी आपणहून बोलली:

"सुप्रभात. मला खूप बरं वाटत आहे. तुम्ही काळजी करू नका."

मगदूमांनी कारखान्यात जाऊन माग थांबवायला सांगितलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. त्यांनी अन्वीला फोन केला.

"आई 'सुप्रभात' म्हणाली?" अन्वीनं विचारलं.

"व्हय."

"आणि 'खूप'? 'लई' नाही?"

"नवी मशिन हाय. भाषा सुधारली आसंल तिची."

पुढचे आठ दिवस पेटी रोज बोलली. तिला भूक नव्हती, तिला झोप चांगली लागली होती, तिला घरातल्या सर्वांची आठवण येत होती. तिनं एकदाही कुणाची चूक काढली नाही. मगदूम संध्याकाळी तिला दिवसभराच्या गोष्टी सांगत, आणि ती म्हणे, "किती छान."

अन्वी पुन्हा आली ती तौफिकला घेऊनच. खोलीत येऊन तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "तौफिक, चकती काढ."

"ताई, काकांना आधी सांगू या."

"काय सांगायचंय?" मगदूमांनी विचारलं.

तौफिकनं त्रिशलाबाईंच्या कानामागची चकती उचलली आणि उशीवर ठेवली. आता त्यांच्या मेंदूचा पेटीशी काही संबंध उरला नव्हता. मग पेटी म्हणाली, "मी इथेच आहे. तुम्ही जेवलात का?"

लहर कमकुवत आली तर पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज पेटी स्वतः बांधते. बहुतेक रुग्णांना त्याचा उपयोग होतो, कारण त्यांना थोडं बोलून बाकीचं पेटीवर सोडता येतं. लहर अगदीच नसली तर पेटी नुसत्या अंदाजावर चालते. तौफिकनं हे सांगितलं तेव्हा तो मगदूमांकडे बघत नव्हता.

"आठ दिस मी बोललो," मगदूम म्हणाले. "कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. तिच्या भावाचं सांगितलं. त्ये कुणाशी?"

"किती छान," पेटी म्हणाली. तौफिकनं आवाज बंद केला.

अंदाज बांधणारा भाग त्यानं काढून टाकला आणि चकती परत लावली. उरली कोरी पेटी, जी मेंदूतून येईल तेवढंच बोलणार होती. ती काहीच बोलेना. तेव्हा डॉ. उत्तूरकरांच्या सल्ल्यानं काम अगदी खाली आणलं गेलं: पूर्ण भाषा नको, फक्त दोन शब्द. पेटीनं आपणहून 'हो' आणि 'नाही' हे शब्द घेतले होते. मगदूमांनी अडवलं. "ती जन्मात 'हो' म्हणाली न्हाई. 'व्हय' घाल." तौफिकनं 'व्हय' आणि 'न्हाई' घातलं. पेटीच्या बाजूनं एवढीच दुरुस्ती शक्य होती.

चाचणी अशी असते. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत असे वीस प्रश्न विचारायचे, दहांचं खरं उत्तर 'व्हय', दहांचं 'न्हाई', क्रम उलटसुलट. तुमचं नाव त्रिशला का? तुमचं माहेर नाशिक का? नाणं उडवून उत्तरं दिली तरी दहाच्या आसपास बरोबर येतात. सलग तीन चाचण्यांत सोळा किंवा त्याहून जास्त आली, तर समोर माणूस आहे असं धरायचं. पहिल्या चाचणीत नऊ आली. पुढे अकरा, दहा, बारा, नऊ. बारा आली त्या दिवशी मगदूमांनी अन्वीला फोन केला होता.

याच काळात बंगळूरहून संदेश आला. तौफिकनं बोर्ड पाठवला होता आणि नंतर तो परत मागवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. काम अंदाजाच्या निम्म्याहून कमी वेळात झालं होतं. चिप शाबूत आहे, किल्लीचा तुकडा पूर्ण वाचता आला, असं त्यात लिहिलं होतं. प्रयोगशाळेला बाकीचं माहीत नव्हतं. पापुद्र्यातला तुकडा जुळवून घेण्यासाठी रुग्णाजवळ कधी येऊ, असं त्यांनी खाली विचारलं होतं.

अन्वी तेव्हा घरीच होती. तिनं तो वाचला आणि वडिलांपुढे ठेवला. त्यावर ती बोलली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीची भांडी आवरून झाल्यावर.

"आईला हे सांगू नका."

"का?"

"ऐकत असेल तर? काय करील ती ऐकून? तिला काही करता येत नाही, पप्पा. ओरडता पण येत नाही."

"तीस वरसं तिनं माझी येकबी चूक सोडली न्हाई," मगदूम म्हणाले. "येक धागा चुकला तरी बोट ठिवायची. आन् येवढी मोठी चूक मी तिच्यापासनं लपवू? मग ती ऐकतीया आसं मी मानतोय कशाला?"

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगणार आहात."

मगदूमांनी हे नाकारलं नाही. दुपारी ते पलंगासमोर बसले, पापण्या वर केल्या, थेंब घातले आणि सांगितलं. थांबलो असतो तर तुझं बोलणं परत आलं असतं, मी थांबलो नाही, एवढंच. सांगायला फार वेळ लागला नाही. अन्वी दारात उभी होती. आईच्या चेहऱ्यावर काही बदललं का, असं तौफिकनं नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिचा चेहरा बदलत नाही, तौफिक. विसरलास का?"

पुढची चाचणी गुरुवारी झाली. पेटीनं पहिल्या प्रश्नाला 'न्हाई' असं उत्तर दिलं. दुसऱ्यालाही. विसाव्या प्रश्नापर्यंत पेटी फक्त 'न्हाई' म्हणाली. दहा बरोबर, दहा चूक.

तौफिकनं चकती तपासली, जोडणी तपासली. दोन्ही ठीक होती. लहर येत होती, पण लहर येणं आणि त्यात काही म्हटलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यानं सांगितलं. शिकण्यासारखं काही मिळालं नाही की पेटी कधीकधी एकाच शब्दावर अडकते. कंपनीच्या माहितीत असं लिहिलेलं आहे. डॉ. उत्तूरकरांनाही हीच शक्यता जास्त वाटते.

"रागावली की ती आसंच करायची," मगदूम म्हणाले. "जेवतीस? न्हाई. येतीस? न्हाई. दोन-दोन दिवस."

"काका, तसं असेल तर मलाही आनंदच आहे. पण एवढ्यावरून म्हणता येत नाही."

"आनंद कसला?" अन्वी म्हणाली. "तसं असेल तर तिनं सगळं ऐकलंय."

तौफिकनं आपलं सामान आवरलं. पेटी तशीच चालू होती. मगदूम खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. त्यांनी पुढे विचारलेले दोन प्रश्न चाचणीत धरलेले नाहीत, कारण त्यांची उत्तरं आधी कुणालाच माहीत नव्हती.

"त्रिशला, आत हाईस न्हवं?"

"न्हाई," पेटी म्हणाली.

मगदूमांनी हात पुढे केला. बटण पेटीच्या मागे, डाव्या अंगाला आहे. त्यांचं बोट त्यावर होतं.

"मग बंद करू ही?"

"न्हाई."

पेटी चालू आहे. पुढची चाचणी सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे.